एकतीस ओळींचा भुलभुलैया, चोवीस ओळींचा पडदा: कलेकोव्हिजनवरच्या एका पोर्टचं प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणात माणसं दोन. एक झेड-८० या प्रोसेसरच्या असेम्ब्लीत (यंत्राच्या अगदी जवळच्या भाषेत) मुरलेला प्रोग्रामर, दुसरा टाइल (पडदा ज्यांनी भरतो ते छोटे चौकोनी तुकडे) आणि स्प्राइट (पडद्यावर मोकळी हलणारी चित्रं) काढणारा. दोघांची नावं, गाव आणि पोर्टला (दुसऱ्या यंत्रासाठी नव्याने बांधलेल्या खेळाला) शेवटी दिलेलं नाव गाळलं आहे. काम फावल्या वेळातलं, अमेरिकेतलं. नाम्कोचा १९८० चा पॅक-मॅन त्यांना १९८२ च्या कलेकोव्हिजन या घरगुती गेम कन्सोलवर आणायचा होता, आणि तोही कन्सोलला कोणतंही जोडयंत्र न लावता, साध्या ३२ केबीच्या कार्ट्रिजमधून.

वरवर पाहता ही सोयरीक सोपी वाटते. आर्केडच्या बोर्डावर झेड-८० आहे आणि कन्सोलमध्येही झेड-८०. आर्केडचा ३.०७२ मेगाहर्ट्झवर चालतो, कन्सोलचा ३.५८ वर, म्हणजे हिशोबाच्या ताकदीत घरचा कन्सोल उलट वरचढ. गाडं अडतं ते चित्राच्या चिपपाशी. कलेकोव्हिजनची चित्राची चिप टीएमएस ९९१८ए घराण्यातली. तिचा पडदा २५६ × १९२ पिक्सेलचा, ८ × ८ च्या टाइलमध्ये मोजला तर ३२ रकाने आणि २४ ओळी. स्प्राइट एकूण ३२, प्रत्येकाला एकच रंग, आणि पडद्याच्या एका आडव्या रेषेवर फक्त ४ दिसणार. पाचवा आला की गायब. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी जो कॅसेटवाला टीव्ही गेम होता, त्याची चिप एका रेषेवर ८ स्प्राइट दाखवायची. इथे त्याच्या निम्मे. आणि प्रोसेसरच्या हाताशी रॅम किती, तर १ केबी.

पॅक-मॅनचा आर्केड पडदा उभा, २२४ × २८८ पिक्सेलचा. टाइलमध्ये २८ × ३६. त्यातल्या वरच्या ३ ओळी गुणांच्या, खालच्या २ ओळी उरलेल्या जीवांच्या आणि फळांच्या. मधला भुलभुलैया २८ × ३१.

अडचण

३१ ओळी गुणिले ८ म्हणजे २४८ पिक्सेल. पडदा १९२ चा. हे गणित न जमल्यामुळे आडव्या पडद्यावरच्या बहुतेक जुन्या पोर्टांनी भुलभुलैयाच नव्याने आखला: ओळी कमी केल्या, गल्ल्या काढून टाकल्या. तसं केलं की खेळाचं नाव तेच राहतं, पण मुरलेल्या खेळाडूला पहिल्या दहा सेकंदांत कळतं की आपण पाठ केलेल्या वाटा इथे चालत नाहीत. या जोडीला नेमक्या त्या वाटा हव्या होत्या.

दुसरी अडचण स्प्राइटची. चार भुतं आणि एक पॅक-मॅन, असे पाच जण एकाच आडव्या गल्लीत आले की चिपची मर्यादा ओलांडलीच. त्यातून भुताचं अंग रंगीत आणि डोळे पांढरे, म्हणजे प्रामाणिकपणे काढायचं तर प्रत्येक भुताला दोन स्प्राइट.

तिसरी अडचण सुरुवातीला कोणाच्या यादीतच नव्हती, आणि सगळ्यात जास्त आठवडे तिनेच खाल्ले: इम्युलेटरवर (संगणकावर कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) निर्दोष चालणारा खेळ खऱ्या कन्सोलवर कचरा दाखवू लागला.

कोणते पर्याय तोलले

सगळ्यात मोह पाडणारा पर्याय म्हणजे मूळ आर्केड कोडच उचलून आणायचा. प्रोसेसर तोच असल्यामुळे कल्पना वेडगळ नाही. झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकावर मूळ रॉम (आर्केडच्या चिपांमधला प्रोग्राम) चालवून दाखवण्याचा प्रयोग झालेलाही आहे. पण आर्केडचा प्रोग्राम शून्य पत्त्यापासून सुरू होतो आणि कलेकोव्हिजनमध्ये तिथे ८ केबीचा बायोस (कन्सोलचा स्वतःचा कायमचा प्रोग्राम) बसलेला आहे. आर्केडची रॅम ४००० च्या पत्त्यापासून, तिथे इथे काहीच नाही. सुपर गेम मॉड्यूल हे जोडयंत्र लावलं तर जास्तीची रॅम मिळते, पण मग ते मॉड्यूल ज्याच्याकडे आहे त्यालाच खेळता येणार. शिवाय तो कोड कंपनीच्या मालकीचा. कार्ट्रिजमध्ये तो घालायचा नाही, हे दोघांनी पहिल्याच बैठकीत ठरवलं. निर्णय बरोबर होता असं माझं मत, आणि नुसतं कायद्यापुरतं नाही: दुसऱ्याच्या कोडमध्ये ठिगळं लावत बसण्यापेक्षा नियम समजून नव्याने लिहिणं या खेळात कमी वेळाचं काम आहे.

दुसरा पर्याय सरकत्या पडद्याचा: भुलभुलैया पूर्ण मापाचा ठेवायचा आणि पॅक-मॅन वर-खाली जाईल तसा पडदा सरकवायचा. या चिपला पिक्सेलभर सरकणं हार्डवेअरमध्ये जमत नाही. टाइलटाइलने झटके बसतात. आणि भुतं पडद्याबाहेर राहिली तर हा खेळ खेळायचा कसा? नाकारला.

तिसरा पर्याय निवडला गेला: रुंदी तशीच ठेवायची, उंची तीन-चतुर्थांश करायची. दर ओळ ८ ऐवजी ६ पिक्सेल. ३१ गुणिले ६ म्हणजे १८६, १९२ मध्ये बसतात. रुंदी २८ गुणिले ८ म्हणजे २२४, आणि उजवीकडे ३२ पिक्सेलची, म्हणजे चार रकान्यांची पट्टी गुणांसाठी उरते. टीव्हीवर या कन्सोलचा पिक्सेल मुळातच थोडा आडवा दिसतो, त्यामुळे भुलभुलैया बसका दिसणार हे मान्य करावं लागलं.

याच ठिकाणी अख्ख्या पोर्टचा पाया ठरला. प्रोग्रामरचा आग्रह होता की खेळाचं तर्कशास्त्र मूळ मापातच चालवायचं: प्रत्येक चौकोन ८ × ८, भुताचा वेग, वळणाचा निर्णय, टक्कर, सगळं २२४ × २४८ च्या काल्पनिक पाटावर. पडद्यावर काढताना तेवढी उभी किंमत बदलायची. चित्रकाराला भीती वाटत होती की हे दोन हिशोब एकमेकांपासून ढळतील. पण २४८ ही संख्या एका बाइटमध्ये मावते आणि रूपांतर फुकटात पडतं: उभी किंमत घ्यायची, दोनदा उजवीकडे सरकवून चौथा भाग काढायचा, मूळ किमतीतून वजा करायचा. ८ चे ६ होतात, १६ चे १२. चौकोनाच्या सीमेवर उत्तर नेहमी नेमकं येतं, त्यामुळे ढळायला जागाच नाही.

काय केलं: ठिपके

सहाची ओळ आणि आठची टाइल एकमेकांवर बसत नाहीत. २४ पिक्सेलमध्ये सहाच्या ४ ओळी येतात आणि आठच्या ३ टाइल, मग हाच क्रम पुन्हा. त्यामुळे एकाच टाइलमध्ये एका चौकोनाचा तळ आणि खालच्या चौकोनाचा माथा, भिंतीसकट, येऊ शकतो. सगळी रचना हाताने आखणं अशक्य होतं. त्यांनी संगणकावर एक छोटी स्क्रिप्ट लिहिली: पूर्ण चित्र घ्या, ८ × ८ मध्ये कापा, वेगळ्या टाइल मोजा, क्रमांक द्या. चिपच्या ग्राफिक्स मोड दोनमध्ये पडदा ६४ रेषांच्या तीन भागांत विभागलेला असतो आणि प्रत्येक भागाला २५६ टाइल मिळतात. एका भागात ८ टाइल-ओळी. ८ ला ३ ने भाग जात नाही, म्हणून प्रत्येक भागात क्रम वेगळ्या जागी सुरू होतो आणि वरच्या भागाच्या टाइल जशाच्या तशा खाली उचलता येत नाहीत. तरी २५६ ची मर्यादा कुठेही ओलांडली गेली नाही.

पहिल्या बांधणीत भुलभुलैया मधोमध यावा म्हणून वर ३ आणि खाली ३ पिक्सेल मोकळे ठेवले होते. दिसायला नीट. खेळ सुरू केल्यावर पॅक-मॅन ज्या गल्लीतून निघतो, तिथेच ठिपके अर्धे खाल्ले जाऊ लागले: वरची रेष जायची, खालची राहायची. कारण असं. ठिपका २ रेषांचा, चौकोनाच्या तिसऱ्या आणि चौथ्या रेषेवर. वर ३ मोकळे सोडले की ठिपके ५-६, ११-१२, १७-१८ आणि २३-२४ या रेषांवर येतात. २३ ही एका टाइलची शेवटची रेष आणि २४ ही पुढच्या टाइलची पहिली. दर चौथ्या ओळीचा ठिपका दोन टाइलांत चिरला जात होता, आणि शून्यापासून मोजली तर पॅक-मॅनची सुरुवातीची गल्ली २३ व्या ओळीत आहे, त्याच चौथाईतली.

उपाय एका पिक्सेलचा निघाला. वर ३ ऐवजी २ सोडले, खाली ४. आता ठिपके ४-५, १०-११, १६-१७, २२-२३ वर येतात. एकही चिरत नाही. फक्त दर तिसऱ्या टाइलमध्ये दोन ठिपके एकत्र येतात, एक माथ्याशी आणि एक तळाशी, म्हणून अशा टाइलच्या चार आवृत्त्या लागतात: दोन्ही, फक्त वरचा, फक्त खालचा, रिकामी. कोणताही सम आकडा चालला असता. विषम चालत नाही. चित्र मधोमध दिसावं म्हणून निवडलेला आकडा कोड मोडतो, हे आधी कागदावर चार ओळी मांडून दहा मिनिटांत कळलं असतं.

मोठ्या गोळ्या मात्र सहाही रेषा व्यापतात, त्यामुळे त्या दोन टाइलांत पडतातच. चार गोळ्यांची उघडझाप म्हणजे दर वेळी ८ टाइल बदलणं. ते स्वीकारलं.

कोणते ठिपके उरले याची नोंद १ केबीत बसवायची होती. एकूण २४४, त्यातले ४ मोठे. थेट २४४ बिटं ठेवली तर ३१ बाइट पुरतात, पण मग चौकोनावरून बिट शोधायला कोष्टक हवं. त्यांनी प्रत्येक ओळीला ४ बाइट दिले, ३१ ओळींना १२४. दोन खेळाडूंसाठी २४८. रॅमचा चौथा भाग गेला, पण शोध एकदम सरळ झाला.

काय केलं: पाच जण, चार जागा

आधी डोळ्यांचा प्रश्न. दोन थरांची भुतं काढून पाहिली. खेळ सुरू होतो तेव्हा तीन भुतं घरात एकाच ओळीत असतात. तीन गुणिले दोन म्हणजे सहा स्प्राइट. पहिल्या सेकंदापासून घरात लपाछपी. मग हुशारीचा प्रयत्न झाला: रेषेवर जागा असेल तेव्हाच डोळ्यांचा थर लावायचा. हे आणखी वाईट दिसलं, कारण डोळे मध्येच उडायचे आणि परत यायचे, आणि खेळाडूची नजर नको तिथे जायची. शेवटी एकरंगी भूत, डोळ्यांच्या जागी भोकं, मागचा काळा पडदा दिसतो. भूत कुठे वळणार हे डोळ्यांवरून ओळखणाऱ्यालाही ते पुरलं.

फळ स्प्राइटमधून काढून टाइलमध्ये घातलं. ते हलत नाही, घराखालच्या एका जागीच ७० आणि १७० ठिपके खाल्ल्यावर येतं. त्याच्यासाठी स्प्राइट खर्च करणं उधळपट्टी होती.

उरले पाच. इथे चिपची एक खोड लक्षात ठेवायला हवी: १६ × १६ च्या स्प्राइटमधल्या रिकाम्या रेषाही मोजल्या जातात. पात्रं १३ रुंद आणि १२ उंच काढली होती, तरी चिपच्या लेखी ती १६ रेषांचीच. सुदैवाने आडव्या गल्ल्या कमीत कमी ३ चौकोन दूर आहेत, म्हणजे इथे १८ पिक्सेल. शेजारच्या गल्लीतली पात्रं एकमेकांची जागा खात नाहीत. उभ्या गल्लीतून जाणारी तेवढी काही क्षण खातात.

क्रम असा लावला: पॅक-मॅन कायम पहिल्या जागी, त्यामुळे तो कधीच दिसेनासा होत नाही. भुतं पुढच्या चार जागांवर दर फ्रेमला एकेक घर फिरतात. पाचही एका रेषेवर आले तर प्रत्येक भूत चारांतली एक फ्रेम गायब, म्हणजे सेकंदाला १५ वेळा लुकलुक. चारच असतील तर फिरवाफिरवीचा पत्ताही लागत नाही. जुन्या पद्धतीच्या काचेच्या टीव्हीवर हे खपून जातं, सपाट टीव्हीवर जास्त डोळ्यांत येतं.

बोगद्याने मात्र त्रास दिला. डावीकडे पात्र पडद्याबाहेर सरकवायला चिपमध्ये ३२ पिक्सेल मागे ढकलणारं बिट आहे. उजवीकडे भुलभुलैया संपतो तिथे गुणांची पट्टी सुरू होते, आणि या चिपवर स्प्राइट नेहमी टाइलच्या वरच दिसतो. पॅक-मॅन बोगद्यातून बाहेर पडताना गुणांवर चढायचा. आधी वर काळा स्प्राइट ठेवून झाकून पाहिलं. पण बोगदा भुतांच्या घराच्याच ओळीत आहे. झाकणाने एक जागा खाल्ली आणि घरातलं भूत गायब. मग पात्राचा नमुनाच कापायचं ठरलं: उजवी कड ओलांडणारे स्तंभ मिटवून ३२ बाइटचा कापलेला नमुना दर फ्रेमला लिहायचा. हे टिकलं.

तिथेच एक छोटी चूकही सापडली. न लागणारा स्प्राइट लपवण्यासाठी त्याची उभी किंमत २०८ ठेवली होती. या चिपमध्ये २०८ म्हणजे यादी संपली. मागचे सगळे स्प्राइट त्यासोबत गेले. २०९ केलं आणि मिटलं.

काय केलं: खऱ्या कन्सोलवरचा कचरा

इम्युलेटरवर खेळ पूर्ण झाला, मग एसडी कार्डवाल्या फ्लॅश कार्ट्रिजमधून खऱ्या कन्सोलवर लावला. भिंतींत भोकं, अक्षरांत तुटके ठिपके.

पहिला संशय कन्सोलवर गेला, आणि तो अगदीच गैर नव्हता. कलेकोव्हिजनची चित्राची रॅम जुन्या प्रकारची, तिला +५, +१२ आणि −५ असे तीन व्होल्टेज लागतात, आणि ते सगळे ज्या पॉवर स्विचमधून जातात तो जुना झाला की आतून काळवंडतो. व्होल्टेज डळमळला की पडद्यावर असाच कचरा येतो. स्विच उघडून कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ केला. फरक शून्य. त्यानंतर दुसरा कन्सोल मागवला गेला, त्यावरही तेच. जुनी कारखान्यातली कार्ट्रिज लावून पाहायचं मात्र या सगळ्यानंतर सुचलं. ती दोन्ही कन्सोलांवर स्वच्छ चालली. ही पाच मिनिटांची चाचणी पहिली हवी होती.

मग नीट निरीक्षण केलं तेव्हा कचरा दोन जातींचा निघाला. पहिला पातळी सुरू होतानाच येतो आणि पुढे हलत नाही. दुसरा खेळता खेळता, कधीतरी, कुठेही: खाल्लेला ठिपका राहतो आणि भलत्याच भिंतीचा तुकडा उडतो. स्विचचा दोष असता तर स्विच हलवल्यावर कचरा बदलला असता. तो बदलत नव्हता.

पहिल्याचं कारण घाई. पडदा चालू असताना चिप चित्र काढण्यात गुंतलेली असते आणि प्रोसेसरचा एक बाइट घ्यायला तिला ८ मायक्रोसेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो. ३.५८ मेगाहर्ट्झवर ते सुमारे २९ घड्याळ-ठोके. भुलभुलैया चढवताना ओटीआयआर ही एकामागून एक बाइट पाठवणारी प्रोसेसरची सूचना वापरली होती. ती कागदावर २१ ठोक्यांची, आणि कलेकोव्हिजन प्रत्येक सूचना-वाचनाला एक ठोका थांबवतो म्हणून प्रत्यक्षात २३. म्हणजे साडेसहा मायक्रोसेकंदांच्या आतच पुढचा बाइट. कधी घेतला जातो, कधी मधलाच हरवतो. चिपचा हा सुस्तपणा त्यांच्या इम्युलेटरमध्ये नव्हताच, त्यामुळे तिथे सगळं आलबेल. उपाय दोन लावले: पातळी चढवताना पडदा बंद ठेवायचा, कारण तेव्हा चिप मोकळी असते आणि ओटीआयआर चालतं, आणि पडदा चालू असताना आउटीआय आणि त्यामागे जेपी-एनझेड अशी सूचनांची जोडी वापरायची, जी थांब्यांसकट बरोबर २९ ठोके घेते.

दुसऱ्याचं कारण जास्त खोल. कलेकोव्हिजनमध्ये चित्राच्या चिपचा दर फ्रेमचा इशारा प्रोसेसरच्या एनएमआय पायावर जातो, आणि प्रोसेसर हातातलं काम सोडून इशाऱ्याचा कोड चालवतो. हा इशारा, इतर इशारे बंद करणाऱ्या डीआय सूचनेने थोपवता येत नाही. चित्राच्या रॅममध्ये लिहायचं तर आधी पत्त्याचे दोन बाइट एकामागून एक बीएफ या पोर्टवर (इथे पोर्ट म्हणजे चिपशी बोलायचं दार) द्यावे लागतात, मग बीई पोर्टवर माहिती. ठिपका पुसणारा मुख्य प्रोग्राम पहिला बाइट देतो, नेमका तेव्हाच इशारा येतो, इशाऱ्याचा कोड चिपची स्थिती वाचतो आणि त्या वाचनाने चिप पत्त्याची मोजणी पहिल्यापासून धरते. मुख्य प्रोग्राम परत येऊन दुसरा बाइट देतो, चिप त्याला पहिला समजते. लिखाण भलत्या जागी. हे इम्युलेटरवरही घडत असणारच, पण तास-दोन तासांत एकदा उडालेल्या ठिपक्याकडे कोण पाहतं?

यावर दोन उपाय प्रचलित आहेत. एक कुलपाचा: लिहिताना रॅममध्ये खूण करायची, इशारा आला आणि खूण दिसली तर चिपला हात न लावता फक्त "काम राहिलं" अशी नोंद करून परतायचं, आणि कुलूप काढताना राहिलेलं काम करायचं. हा उपाय नाजूक आहे. स्थिती वाचलीच नाही तर पुढचा इशाराच येत नाही, कारण प्रोसेसर कडेला ओळखतो, पातळीला नाही. एखाद्या वाटेवर नोंद तपासायची राहिली की खेळ थिजतो. दुसरा रांगेचा: मुख्य प्रोग्रामने चिपला कधीच शिवायचं नाही. बदल रॅममधल्या रांगेत ठेवायचे, प्रत्येकी ३ बाइट, दोन पत्त्याचे आणि एक माहितीचा. इशाऱ्याच्या कोडने चित्र संपल्यानंतरच्या मोकळ्या वेळात ते लिहून टाकायचे. हा मोकळा वेळ साधारण ४.३ मिलिसेकंद, या कामाला भरपूर. १६ जागांची रांग घेतली, ४८ बाइट. गोळ्यांच्या उघडझापीला ८ आणि ठिपक्याला १ धरून निम्म्याहून थोडी जास्त भरते. रांगेत टाकताना नोंद आधी लिहायची आणि संख्या सगळ्यात शेवटी वाढवायची, म्हणजे मधेच इशारा आला तरी अर्धवट नोंद उचलली जात नाही.

रांग निवडली. तरी पातळी बदलताना एक फट राहिली होती: चढवताना इशारे बंद, संपल्यावर चालू. बंद काळात चिपचा झेंडा आधीच वर गेलेला असतो, त्यामुळे चालू करताक्षणी, फ्रेमच्या मध्येच, इशारा येतो. चालू करण्यापूर्वी एकदा स्थिती वाचून झेंडा खाली पाडला की हे थांबतं.

नाव, चित्रं आणि कायदा

हा भाग दोघांनी शेवटावर ढकलला होता. १९८२ मध्येच अमेरिकेच्या सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ओडिसी-२ या कन्सोलवरच्या के. सी. मंचकिन या खेळाविरुद्ध अटारीच्या बाजूने निकाल दिला होता. त्या खेळाचं नाव वेगळं होतं, भुलभुलैया वेगळा होता, ठिपकेही थोडे आणि हलणारे होते. तरी पात्रांचं रूप आणि वागणं जास्तच जवळचं ठरलं. खेळाचे नियम कोणाच्या मालकीचे नसतात, पण त्यांचं रूप असतं. या जोडीचा पोर्ट तर हेतुपूर्वक मूळचीच प्रत होता. त्यांनी विक्रीचा विचार सोडला, नाव बदललं, पात्रं नव्याने काढली आणि फाइल फुकट दिली. धोका कमी झाला, संपला नाही. भुलभुलैया अजूनही मूळचाच आहे.

निकाल

मुरलेल्या खेळाडूंच्या पाठ वाटा पोर्टवर चालतात. पॅक-मॅन वर तोंड करून असताना एक भूत चार घरं वर आणि चार घरं डावीकडे नेम धरतं, ही मूळची प्रसिद्ध चूकही तशीच ठेवली. टक्कर चौकोनावरून ठरते, त्यामुळे क्वचित पॅक-मॅन भुताच्या आरपार जातो, तेही मूळप्रमाणेच. निळ्या भुतांची पळापळ मात्र जुळत नाही. आर्केडमध्ये तिचा यादृच्छिक आकडा मूळ रॉममधलेच बाइट वाचून बनतो, आणि ते बाइट घ्यायचे नाहीत हे आधीच ठरलं होतं.

आवाजात तडजोड झाली. आवाजाच्या चिपचा सर्वात खालचा सूर १०९ हर्ट्झच्या आसपास थांबतो, म्हणून सुरुवातीच्या धुनेतले खालचे सूर एक सप्तक वर गेले. युरोपातल्या ५० फ्रेमच्या कन्सोलवर खेळ मंद पडला असता; बायोसमध्ये ००६९ या पत्त्यावर ५० की ६० हे लिहिलेलं असतं, ते वाचून दर ५ फ्रेमला एक जास्तीची पायरी चालवली.

काठीचा, म्हणजे जॉयस्टिकचा प्रश्न फाइल बाहेर पडल्यावर आला. आर्केडची काठी चार दिशांची, कलेकोव्हिजनची आठ. तिरकी दाबली गेली की पॅक-मॅन वळण चुकवायचा. दुसऱ्या आवृत्तीत नियम बदलला: तिरकी दिशा आली तर तो सध्या ज्या अक्षावर चालतोय तो सोडून दुसरा अक्ष धरायचा. तक्रारी थांबल्या.

काय वेगळं करता आलं असतं

खऱ्या कन्सोलवरची पहिली चाचणी खेळ पूर्ण झाल्यावर झाली. ती पहिल्या आठवड्यात व्हायला हवी होती. भुलभुलैया चढवणारा आणि ठिपके पुसणारा एवढाच छोटा रॉम पुरला असता, दोन्ही जातींचा कचरा तिथेच दिसला असता आणि दुसरा कन्सोल मागवावा लागला नसता. रांगेची शिस्तही मग सुरुवातीपासून आली असती. नंतर लावताना मुख्य प्रोग्राममधली चिपला शिवणारी प्रत्येक जागा शोधून काढावी लागली.

कायद्याचा प्रश्न पात्रं काढण्याआधी सोडवला असता तर चित्रकाराचं काम दोनदा झालं नसतं. स्वतःचा भुलभुलैया आणि स्वतःची पात्रं घेऊन सुरुवात करणं हा पर्याय कोणी गंभीरपणे मांडलाच नाही, कारण पाठ वाटांचा हट्ट पहिल्या दिवसापासून होता.

कार्ट्रिजची पाटी (सर्किट बोर्ड) त्यांनी फक्त चाचणीसाठी केली. ३२ केबीची एकच २७सी२५६ ईप्रॉम (प्रोग्राम साठवणारी चिप), आणि कन्सोल प्रत्येक ८ केबीला वेगळी निवड-तार देतो म्हणून त्या चारही तारा ७४एचसी२१ मधल्या चार-पायी अँड गेटमधून एकत्र करून ईप्रॉमच्या निवड-पायाला. तारा शून्य झाल्यावर काम करतात, त्यामुळे चारांतली एक शून्य झाली की ईप्रॉम जागी होते. पहिल्या पाटीवर ईप्रॉमशेजारचा १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर टाकायचा राहिला होता. ती पाटी एका कन्सोलवर चालायची आणि दुसऱ्यावर चालू होतानाच अडकायची, आणि पुन्हा एकदा संशय बिचाऱ्या पॉवर स्विचवर गेला.